टकल्या कॉलन्या आणि मिरकरवाड्याची कोळंबी

दर दोन-तीन वर्षांनी पेपरात एक बातमी हटकून येते: अमुक कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कोकणच्या मातीत प्रतिजैविक तयार करणारा जीवाणू सापडला. फोटोत प्राचार्य, विभागप्रमुख, मध्ये दोन भांबावलेली मुलं आणि एकाच्या हातात पेट्री प्लेट. मग बाजारात, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत लोक मला गाठतात. "मॅडम, तुम्ही पण तेच शिकवता ना? तुम्हाला नाही का काय सापडलं?"

सापडतं हो. टी.वाय.च्या प्रत्येक बॅचला सापडतं. मातीत स्ट्रेप्टोमायसीस न सापडला तर ती बातमी. चमचाभर चांगल्या मातीत हे जीवाणू लाखांच्या हिशेबाने असतात, आणि त्यातले बरेचसे काही ना काही प्रतिजैविक बनवतातच. पण ते बहुतेक वेळा जुनंच असतं. मातीतून उचललेल्या दर दहा स्ट्रेप्टोमायसीसमागे साधारण एकात स्ट्रेप्टोथ्रिसिन निघतं असा अंदाज आहे. ते १९४२ सालीच सापडलं आणि किडनीला घातक म्हणून बाजूला पडलं. प्लेटवर मात्र त्याचा पट्टा, म्हणजे शेजारचे जीवाणू वाढू न शकल्याने राहिलेली मोकळी जागा, इतका झकास दिसतो की फोटो काढायचा मोह होतोच. तेव्हा बातमी वाचून हुरळून जाऊ नका एवढंच सांगते, आणि मला खरी गंमत कशात वाटते तिकडे वळते.

गंमत ही की हा जीवाणू औषध बनवतो ते त्याच्या वेळेला. आपण म्हणू तेव्हा नाही.

गेल्या बॅचमध्ये देवरुखकडची एक मुलगी होती. घरामागच्या फणसाखालची माती तिने आणली होती, वरचा पातेरा बाजूला करून खालची काळपट. आम्ही अशी माती आधी कागदावर पसरून कपाटावर सुकत ठेवतो. सुकताना मातीतले नाजूक जीव मरतात आणि स्ट्रेप्टोमायसीसचे बीजाणू तेवढे तग धरतात. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि या मंडळींना आम्ल फारसं मानवत नाही. म्हणून चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट मिसळून ठेवलं की त्यांची संख्या चांगली वाढते. मग पाण्यात पातळ करत करत स्टार्च-केसीन अगारवर पसरायचं. अगार म्हणजे जीवाणूंचं खाणं घातलेली घट्ट जेली, त्या खाण्याला आम्ही मीडियम म्हणतो. पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये बुरशी भिंतींवरसुद्धा येते, तिला रोखायला मीडियममध्ये निस्टॅटिन टाकायचं. निस्टॅटिन हेही एका स्ट्रेप्टोमायसीसचंच उत्पादन. भाऊबंदांना पकडायला भावाचीच मदत.

तर त्या मुलीने एक कॉलनी, म्हणजे एकाच जीवाणूपासून वाढलेला ठिपका, वेगळी केली आणि ती न्यूट्रिएंट अगारवर लावली. तिचा हिशेब सरळ होता: मांसाचा अर्क, पेप्टोन, सगळं भरपूर, म्हणजे जीवाणू धष्टपुष्ट होणार आणि औषधही भरपूर देणार. कॉलनी वाढली झक्क. पण गुळगुळीत, चकचकीत, सुरकुतलेली, चामड्यासारखी. औषध बनतंय का ते बघायला आजूबाजूला ओढलेल्या स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जीवाणूच्या आडव्या रेघा थेट तिला येऊन टेकल्या. पट्टा शून्य.

तोच जीवाणू मग मॅनिटॉल आणि सोयाबीनच्या पिठाच्या मीडियमवर लावला. पीठ वाण्याकडचं. हे खाणं जीवाणूला हळूहळू पचवावं लागतं. आठवड्याभरात कॉलनीवर पांढरी लव आली, मग ती मधूनच राखाडी होत गेली. लवेवर पिवळे थेंब उभे राहिले, टाचणीच्या टोकाएवढे, न ओघळता. प्लेट उलटी करून उजेडात धरली तर खालून अगार पिवळं. आणि स्टॅफच्या रेघा अलीकडेच थांबलेल्या.

"मॅडम, हा तोच आहे ना? की माझी प्लेट बदलली कुणी?"

"तोच आहे गं. तिकडे त्याचं पोट भरलेलं होतं."

ज्यांनी स्ट्रेप्टोमायसीस कधी हाताळलेला नाही त्यांना सांगायला हवं की हा जीवाणू इतर जीवाणूंसारखा वागत नाही. इतरांची कॉलनी लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कड्याने, अलगद उचलता येते. याची उचलायला गेलं तर लूप वाकतो. बीजाणू रुजला की त्यातून धागे फुटतात, त्यांना फांद्या फुटतात, आणि ते अगारमध्ये खोल घुसतात. सुईने खरवडावं लागतं, तेव्हा कोरडा चरचर आवाज येतो आणि तुकडा निघतो तो अगारसकट. खाणं संपत आलं की काही धागे वर हवेत उठतात. त्यांच्यावर पाणी न धरणाऱ्या प्रथिनांचा थर चढतो, त्याशिवाय ओल्या पृष्ठभागातून त्यांना वर निघताच येत नाही. वर आलेला धागा मग एकाच झटक्यात डझनावारी खणांमध्ये विभागला जातो, प्रत्येक खणात गुणसूत्राची एक प्रत, आणि प्रत्येक खणाचा होतो एक बीजाणू. राखाडी रंग त्या बीजाणूंचा.

वरच्या धाग्यांना हे सगळं करायला अन्न मिळतं कुठून? खालच्या धाग्यांतून. खालचे धागे स्वतःला विरघळवतात आणि त्यातून सुटलेलं अन्न वरच्यांना पुरवलं जातं. आणि नेमक्या या सुमाराला प्रतिजैविक बनायला लागतं. अनेक शास्त्रज्ञांचा कयास असा की विरघळणाऱ्या धाग्यांचं अन्न शेजारपाजारचे फुकटे जीवाणू खाऊन जाऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त. मला हा कयास पटतो, पण मातीत खरंच तसंच घडतं हे दाखवणं अवघड आहे, म्हणून वर्गात मी तो कयास म्हणूनच सांगते.

इथल्या पोरांना ही वेळेची भानगड समजावायला मला फार बोलावं लागत नाही. निम्म्यांच्या घरी कलमं आहेत. पाऊस ऑक्टोबरच्या पुढे रेंगाळला, जमिनीत ओल राहिली, की हापूस पालवीवर जातो. मोहोर यायचा तर पाण्याचा ताण बसावा लागतो आणि वर थंडी पडावी लागते. झाड खुशीत आहे म्हणून फळ देत नाही हे त्यांना पाचवीपासून माहीत असतं.

पण ताण बसला हे पेशीला कळतं कसं? इथे जनुकं येतात, आणि मी स्वतः या विषयाच्या नादाला लागले ती इथेच.

डेव्हिड हॉपवूड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात केंब्रिजला स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर हा जीवाणू अभ्यासायला घेतला. पुढे १९६८पासून नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेत त्याचा मोठा गट उभा राहिला. हा जीवाणू कुठल्याही औषध कंपनीच्या कामाचा नव्हता. तो ॲक्टिनोऱ्होडिन नावाचं प्रतिजैविक बनवतो, ते औषध म्हणून वापरात नाही, पण ते आहे रंगीत. आम्लात लाल, अल्कलीत निळं. त्यामुळे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात बदल, झालं आणि उत्पादन थांबलं की ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, यंत्र लागत नाही. आमच्यासारख्या कॉलेजांच्या लॅबची अवस्था बघता मला त्या निवडीचं फार कौतुक आहे.

बिघडलेल्या उत्परिवर्तींचे दोन ठळक गट निघाले. एकात हवेतले धागे येतच नाहीत, कॉलनी टकली राहते. ही बीएलडी जनुकं. दुसऱ्यात लव येते पण ती पांढरीच राहते, राखाडी बीजाणू होत नाहीत. ही डब्ल्यूएचआय जनुकं. टकल्यांमधल्या बऱ्याच जणांत आणखी एक उणीव निघाली. ते प्रतिजैविकही बनवत नव्हते. म्हणजे रूप पालटणं आणि औषध बनवणं, दोन्ही कामं कुठेतरी एकाच बटणाला जोडलेली.

त्यातल्या बीएलडी-ए या जनुकावर माझा विशेष लोभ आहे. ते जनुक शोधून काढलं तर त्यातून प्रथिन बनतच नव्हतं. ते होतं एका टीआरएनएचं, म्हणजे प्रथिन बांधताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूचं, जनुक. प्रथिन बांधताना ल्युसिन हे अमिनो आम्ल बसवायचं तर जनुकीय लिपीत त्यासाठी सहा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरी शब्द, आहेत. टीटीए हा त्यातला एक. आता स्ट्रेप्टोमायसीसच्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण ७२ टक्के, त्यामुळे टीटीए हा कोडॉन तिथे फारच क्वचित येतो. सीलिकलरच्या ७,८२५ जनुकांपैकी जेमतेम दीडशेच्या आसपास जनुकांत तो आहे. आणि तो वाचू शकणारा टीआरएनए एकच, बीएलडी-एमधून येणारा.

तो बिघडला तर? जीवाणू मस्त वाढतो. खाण्या-वाढण्याची जी जनुकं अत्यावश्यक आहेत त्यांत टीटीए नाहीच. पण हवेतले धागे उभे करणाऱ्या साखळीत एडीपी-ए नावाचं नियंत्रक जनुक आहे, त्यात एक टीटीए आहे. ॲक्टिनोऱ्होडिनचा कारखाना सुरू करणाऱ्या नियंत्रकातही एक टीटीए आहे. त्या एका ठिकाणी बांधणी अडते. जीवाणू टकला आणि बिनरंगी. ग्लुकोजऐवजी मॅनिटॉलवर वाढवला तर या उत्परिवर्तीला लव येते, पण निळा रंग तरीही येत नाही. म्हणजे रूपाला दुसरी वाट आहे, औषधाला नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं होतं. तो कॉमर्सचा. "बरं" म्हणून झोपला.

दुसरं एक नियंत्रक, बीएलडी-डी, उलटं काम करतं. पेशी वाढत असते तेव्हा हे प्रथिन दीडशेहून जास्त जनुकांच्या दारावर बसून राहतं आणि त्यांतली बरीचशी बंद ठेवतं. २०१४ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. सायक्लिक-डाय-जीएमपी नावाच्या छोट्या रेणूचे चार नग एकत्र येऊन दोन बीएलडी-डींना चिकटवून ठेवतात, तेव्हाच त्यांना डीएनएवर पकड मिळते. रेणूची पातळी उतरली की पकड सुटते आणि पुढचा सगळा कार्यक्रम मोकळा होतो.

आणि ज्याच्यामुळे हा सगळा वंश जगाला माहीत झाला, त्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची कथा तर याहून नेटकी आहे. ते १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने वेगळं केलं. १९५२चं नोबेल त्याचे गाइड वाक्समन यांना एकट्यालाच मिळालं. पीएच.डी. करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली की त्या नुसत्या हसतात. ते बनवणारा स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस आधी ए-फॅक्टर नावाचा एक रेणू सोडतो. हा १९६७मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव यांच्या गटाने शोधला आणि पुढे टोकियोत होरिनोउची आणि बेप्पू यांनी त्याची साखळी कडी-कडीने उलगडली. पेशी वाढत जातात तसा ए-फॅक्टर साठत जातो. एका मर्यादेला तो एआरपी-ए नावाच्या प्रथिनाला जाऊन बसतो. हे प्रथिन तोवर एडीपी-ए जनुक दाबून बसलेलं असतं, ते बाजूला होतं. एडीपी-ए सुटतं आणि शेकडो जनुकं जागी होतात: हवेतल्या धाग्यांची, बीजाणूंची आणि स्ट्रेप्टोमायसिनची. त्यातच स्वतःला स्ट्रेप्टोमायसिनपासून वाचवणारं जनुकही असतं. विष ओतायच्या आधी स्वतःची सोय.

आता कोळंबी.

२००८ साली लायडन आणि लिएजच्या गटांनी दाखवलं की एन-ॲसिटिलग्लुकोसमीन ही साखर स्ट्रेप्टोमायसीसला निरोप पोचवते. ही साखर दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक म्हणजे कायटिन, किड्यांचं, खेकड्यांचं, कोळंबीचं कवच ज्याचं असतं ते. दुसरं म्हणजे जीवाणूची स्वतःची विरघळती पेशीभित्तिका. भरपूर खाणं असलेल्या मीडियमवर ही साखर टाकली तर जीवाणू नुसता वाढत राहतो, लव नाही की रंग नाही. पण खाणं तुटपुंजं असताना टाकली की उलट लवकर रूप पालटतो आणि प्रतिजैविक बनवायला लागतो. पेशीत साखरेवर प्रक्रिया होऊन जो पदार्थ होतो तो डीएएस-आर या दाबणाऱ्या प्रथिनाला चिकटतो आणि त्याला जनुकांवरून उठवतो.

एवढं वाचल्यावर रत्नागिरीत राहून गप्प कोण बसेल? मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडून पिशवीभर टरफलं आणली. धुऊन, गच्चीवर वाळवून, मिक्सरमध्ये भरड काढली. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकली की फसफसून फेस वर येतो, तो कॅल्शियम विरघळल्याचा. मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात गरम करून प्रथिनं काढायची. शेवटी कडक ॲसिडमध्ये विरघळवून थंड पाण्यात ओतलं की पांढरा लगदा तळाशी बसतो. तो तटस्थ होईपर्यंत धुवत राहायचं. आमच्या लॅबचे मामा दारातूनच म्हणाले, "मॅडम, ह्यो काय मच्छी मार्केट केलाव?" दोन दिवस शेजारच्या केमिस्ट्रीवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

पण त्या लगद्याचं अगार फार कामाचं निघालं. ते दुधाळ दिसतं. कायटिन पचवणारी कॉलनी असेल तिथे भोवती गोल पारदर्शक होतो. बहुतेक जीवाणूंना हे अन्न खाता येत नाही, त्यामुळे प्लेटवर गर्दी होत नाही आणि स्ट्रेप्टोमायसीस व त्याचे नातलग निवांत दिसतात. न्यूट्रिएंट अगारवर मुकाट बसलेल्या आमच्या जुन्या कॉलन्या यावर लावल्या. काहींनी पट्टा दिला, काही तशाच राहिल्या. देवरुखच्या मुलीची कॉलनी लवेवर लवकर आली. आमच्याकडे रेणू ओळखायचं यंत्र नाही, तेव्हा आत काय बनलं यावर मी काही बोलणार नाही, आणि पेपरवाल्यांना तर मुळीच बोलावणार नाही.

पहिल्या पावसात आपल्या अंगणातून जो वास उठतो त्याच्यातही यांचा हात आहे. जिओस्मिन नावाचा पदार्थ. प्लेटचं झाकण उघडलं तरी तोच वास येतो. २०२०मध्ये असं दिसून आलं की बीजाणू तयार करणारी नियंत्रकंच वासाची जनुकंही चालवतात. त्या वासाने मातीतले उड्या मारणारे बारीक जीव, स्प्रिंगटेल, ओढले जातात, जीवाणू खातात आणि बीजाणू अंगाला लावून, पोटातून पुढे नेतात. बीजाणू तयार नसतील तर पाहुण्यांना बोलावून काय उपयोग, म्हणून वासही त्याच बटणाला जोडलेला.

सीलिकलरचा पूर्ण जीनोम २००२ साली वाचला गेला तेव्हा हॉपवूडना आयुष्यभर माहीत असलेल्या मोजक्या रसायनांऐवजी वीसहून जास्त रसायनांचे जनुकसमूह त्यात निघाले. ८६ लाखांवर अक्षरांच्या त्या गुणसूत्रात एवढा माल पडून होता आणि लॅबमध्ये त्यातला बराचसा कधी उघडलाच नव्हता. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये आपल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसपासून हमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं, जपानमधून भाताच्या करप्यावरचं कासुगामायसिन आलं, जे आपल्याकडेही कृषी सेवा केंद्रात मिळतं. ही सगळी सहज उघडलेल्या कप्प्यांतली. म्हणून मला नव्या नव्या जागची माती आणण्यापेक्षा आहे त्याच जीवाणूला वेगवेगळ्या पद्धतीने उपाशी ठेवून बघणं जास्त शहाणपणाचं वाटतं. मुलांना मात्र माती आणायचीच हौस असते, आणि ती हौस मोडायची नाही.

तर जूनमध्ये नवी बॅच येईल. आपल्या मुलांना सांगा: माती पावसाच्या आधीची आणा, कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नको, घाम सुटतो आणि बुरशी धरते. झाडाखालचा पातेरा बाजूला सारून बोटभर खालची घ्या. बागेत फवारणी होते तिथली नको, गोठ्याजवळची नको. जागा, तारीख आणि झाड कोणतं ते पिशवीवर पेन्सिलने लिहा, शाई पुसते. आणि खाजणातला चिखल आणणार असाल तर तो डबा घट्ट झाकणाचा घ्या, एस.टी.त सांडला तर कंडक्टर मला ओळखतो.